ग्रुपसाठी नियमावली लिहायची आहे, पण नियम मोडणाऱ्यांनीच ग्रुप काढलेला आहे. काय करावं?

केळीवाला_यावल

रामराम मंडळी.

यावल तालुक्यात आमचा केळी उत्पादकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. १०२४ ची मर्यादा भरत आली. रावेर, चोपडा, मुक्ताईनगरचे लोक आहेत, बऱ्हाणपूरकडचेही काही आहेत. सकाळी भाव येतात, नवती, पिलबाग, कांदेबाग अशा केळीच्या प्रकारांचे सगळे वेगवेगळे. कोणाकडे कटाई आहे, कोणाला गाडी पाहिजे, करप्यावर कोणती फवारणी लागू पडली, हे दिवसभर चालतं. सीएमव्ही या विषाणू रोगाने झाडं उपटून फेकायची वेळ आली, तेव्हा पानांचे फोटो टाकून याच ग्रुपवर लोकांनी एकमेकांना सावध केलं होतं. म्हणजे ग्रुप कामाचा आहे, नुसता गुलाबाच्या फुलांचा नाही. (फुलंही येतात. त्याला इलाज नाही.)

मी चार ॲडमिनपैकी एक. गेल्या काही दिवसांत तीन भानगडी झाल्या.

एकाने भावाच्या पाटीचा फोटो टाकला. तो जुना होता, तारखेवर बोट ठेवून काढलेला. दोघांनी त्या भावात माल देऊन टाकला. टाकणारा म्हणतो, मला जसा आला तसा पुढे ढकलला.

दुसरं, एका व्यापाऱ्याने पैसे थकवले म्हणून त्याचा फोटो, घरचा पत्ता, बायकोच्या दुकानाचं नाव, सगळं ग्रुपवर आलं, वर "चोर" असं लाल अक्षरात. आता तो व्यापारी अब्रूनुकसानीची नोटीस पाठवतो म्हणतोय. ॲडमिनलाही पाठवणार म्हणे.

तिसरं जास्त लागलं. ग्रुपवर स्वतः शेती करणाऱ्या मोजक्याच बाया आहेत. त्यातल्या एका ताईंनी ठिबकबद्दल प्रश्न विचारला. उत्तर ग्रुपवर आलं नाही, त्यांच्या खासगी नंबरवर आलं, रात्री अकराला, आणि ते ठिबकबद्दल नव्हतं. त्या मुकाट ग्रुप सोडून गेल्या. हल्ली कोणी गेलं की सूचना फक्त ॲडमिनला येते, म्हणून आम्हाला तरी कळलं.

माझ्या भाच्याने इंटरनेटवरून नियमावली काढून दिली, ३१ कलमांची. त्यात "ही सेवा आहे त्या स्थितीत पुरवली जाते" असं आहे, "आयटी कायद्याच्या कलम ६६अ नुसार कारवाई होईल" असं आहे, आणि शेवटी वाद झाल्यास कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात चालेल असंही आहे. आमचे लोक भुसावळच्या पुढे जायला कुरकुरतात. ग्रुपवर टाकली, अंगठे आले, वाचली कोणीच नाही.

आता खरी अडचण. व्यापाऱ्याचा फोटो टाकणारे आमचे नाना. ग्रुप त्यांनीच काढला, करोनाच्या आधी. लॉकडाउनमध्ये माल बागेत पिकून चालला होता, तेव्हा नानांनी फोन करकरून गाड्या लावून दिल्या. आज अर्ध्या लोकांकडे टिश्यू कल्चरची रोपं त्यांच्या शब्दावर उधार आली आहेत. त्यांना नियम सांगायचा कोणी? आणि सांगितला तरी व्हॉट्सॲपवर ज्याने ग्रुप काढला त्याला बाकीचे ॲडमिन काढू शकत नाहीत. करून बघितलं असं नाही, पण चौकशी केली.

कोणी असा ग्रुप चालवला असेल तर सांगा. नियम कसे लिहिलेत, आणि मोडल्यावर काय केलंत?

धुळ्याना_पोऱ्या

भाऊ, आमना ग्रुपमा एकच नियम शे. रातना धा वाजानंतर कोणी काही टाकानं नहीं. तोबी कोणी मानत नहीं.

कोर्ट_कँटीन_जळगाव

वकिली करतो. फुकट सल्ला आहे, तेवढाच वजनाचा समजा.

आधी तुमची भीती काढतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की, सदस्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन आपोआप जबाबदार होत नाही. त्यात त्याचा समान हेतू होता किंवा आधी ठरवून केलं, हे दाखवावं लागतं. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं होतं. एका सदस्याने ग्रुपवरच्या बाईला घाणेरड्या भाषेत बोललं आणि ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, असा आरोप होता. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही हीच दिशा धरली आणि ॲडमिन हा आयटी कायद्यातला "मध्यस्थ" नाही असंही म्हटलं. मध्यस्थ म्हणजे व्हॉट्सॲपसारखी कंपनी. म्हणून भाच्याने आणलेल्या ३१ कलमांतली निम्मी तुम्हाला लागूच नाहीत, ती कंपनीने स्वतःच्या बचावासाठी लिहिलेली असतात.

कलम ६६अ तर खोडूनच टाका. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरावर शिक्षेचं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवलं. तरी खेड्यापाड्यातल्या ग्रुपांच्या नियमांत ते अजून ठाण मांडून बसलंय. नसलेल्या कलमाचा धाक घालणाऱ्या नियमावलीवर कोणी का विश्वास ठेवावा?

कंपनीच्या अटी वेगळ्या आणि तुमचे नियम वेगळे. कंपनीच्या अटींना आपण सगळ्यांनीच "सहमत" दाबलेलं आहे. त्या मोडल्या तर कंपनी नंबर बंद करते, भारतात दर महिन्याला लाखो खाती अशी बंद होतात, त्याचे अहवाल ती स्वतःच काढते. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे कंपनीला आपले नियम जाहीर करावे लागतात, वेळोवेळी वापरणाऱ्यांना त्यांची आठवण द्यावी लागते, तक्रार अधिकारी नेमावा लागतो. २०२२ च्या दुरुस्तीने हे नियम घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही मिळाले पाहिजेत असं केलं, म्हणजे मराठीतही. तक्रार अधिकाऱ्याचा निकाल पटला नाही तर सरकारने नेमलेल्या अपील समितीकडे ३० दिवसांत जाता येतं. पण ग्रुपवरचं बोलणं एंड-टू-एंड कुलपात असतं. तुमच्या ग्रुपात काय चाललंय हे कंपनी बघत बसलेली नाही. कोणी "रिपोर्ट" दाबलं तर त्या माणसाचे किंवा ग्रुपचे शेवटचे पाच मेसेज तिच्याकडे जातात. भावाची जुनी पाटी कंपनीच्या कुठल्याच कलमात बसत नाही. ती तुम्हालाच बघावी लागणार.

आता नानांचं. पैसे थकले हे खरं असेल तर ते सांगता येतं. अब्रूनुकसानीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे आणि सत्य व लोकहित हा त्यातला पहिलाच अपवाद आहे. पण सत्य म्हणजे काय, तर "अमुक तारखेला इतके क्विंटल दिले, चेक परत आला, बँकेचा मेमो हा." "चोर" हे सत्य नाही, तो निकाल आहे, आणि निकाल द्यायला आम्ही काळे कोट घालून वर्षं घालवतो. बायकोचं दुकान तर कशातच बसत नाही. आणि नानांना माझ्यातर्फे सांगा, मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, मग समोरच्याला १५ दिवस. ग्रुपवर फोटो टाकण्यात ती मुदत निघून जाते. चेक परत आल्यावर लावायचं कलम १३८ अर्ध्या लोकांचं असंच हातचं जातं.

शिरपूरची_सून

वकीलसाहेब, ॲडमिन सुटला हे ऐकून बरं वाटलं. त्या निकालाने ती बाई ग्रुपवर परत आली नसेल एवढंच.

केळीवाले भाऊ, तुम्ही तीन भानगडी सांगितल्या आणि अडचण म्हणून नानांची सांगितली. ताईंचं "जास्त लागलं" म्हणालात, पण रात्री अकराला मेसेज करणारा अजून ग्रुपवर आहे की नाही हे लिहिलंच नाही. आहे ना?

मी बचत गटाचा ग्रुप चालवते, शिरपूर आणि आजूबाजूच्या गावांतल्या बाया, पापड-मसाल्याचं काम. आमच्यात माणसंही आहेत, दुकानदार, टेम्पोवाले. आमचाही पहिला नियम "महिलांचा आदर राखावा" असाच होता. तो मोडला असं आजवर कोणी कबूल केलेलं नाही, कारण प्रत्येकाला वाटतं आपण आदरच राखतोय. मग असं लिहिलं: "ग्रुपवरून नंबर घेऊन कोणाला खासगी मेसेज किंवा फोन करायचा असेल तर आधी ग्रुपवर विचारायचं. समोरून हो आलं तरच." आता हे मोडलं की नाही यावर वाद घालता येत नाही. स्क्रीनशॉट दाखवला की झालं. पहिल्यांदा टेम्पोवाल्यांनी नाकं मुरडली, "ऑर्डरचं विचारायलाही परवानगी?" हो, विचारायलाही. आता "ताई, फोन करू का?" हे त्यांच्या अंगवळणी पडलंय.

आणि तक्रार ग्रुपवर करायला लावू नका. हजार लोकांसमोर कोणती बाई सांगेल? आमच्यात दोघींचे नंबर दिलेत, त्यांना सांगायचं, त्या पुढचं बघतात. तुमच्या चार ॲडमिनांत बाई किती?

केळीवाला_यावल

ताई, एकही नाही. आणि हो, आहे अजून. आमच्या चार ॲडमिनपैकी एकाच्या सासुरवाडीचा आहे.

भुसावळ_टू_पुणे

मूळची भुसावळची, रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढले, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. माझं अर्धं काम खुल्या सॉफ्टवेअरवर असतं, जगभरचे लोक एकमेकांना न भेटता एकत्र लिहितात ते. तिथे आचारसंहितेवर इतकी भांडणं झालीत की तुमचा ग्रुप शांत वाटेल.

भाऊ, "नानांना कोण सांगणार" हा प्रश्न फक्त यावलचा नाही. लिनक्स नावाची प्रणाली आहे, तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तीच आहे. ती १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने सुरू केली. हुशारीबद्दल शंका नाही, पण दुसऱ्याचं काम आवडलं नाही की चारचौघांत, म्हणजे हजारो लोकांच्या मेलिंग लिस्टवर, असा सोलून काढायचा की लोक काम सोडून जायचे. २०१५ मध्ये त्यांनी एक छोटा मजकूर स्वीकारला. त्याचा सूर असा की, इथे टीका कडक होणारच, फारच वाईट वाटलं तर तक्रार करा. सुरू करणाऱ्याचा स्वभाव हाच नियम म्हणून लिहिला, असं माझं मत. फरक पडला नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्सने जाहीर माफी मागितली, मला लोकांच्या भावना कळत नाहीत, मदत घेतो म्हणाला, काही आठवडे बाजूला झाला. त्याच वेळी प्रकल्पाने नवी आचारसंहिता घेतली, २०१४ पासून बरेच प्रकल्प वापरत होते त्या कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट नावाच्या तयार नमुन्यावर बेतलेली. ऑक्टोबरमध्ये तो परत आला आणि आजही तोच प्रमुख आहे. त्याला काढावं लागलं नाही. पण नियम त्यालाही लागू आहे हे सगळ्यांसमोर झालं.

तेव्हाही पुष्कळ जण ओरडले, आता कामापेक्षा गोड बोलण्याला किंमत येणार म्हणून. तसं काही झालं नाही, लिनक्स चालूच आहे. मात्र त्या ओरडण्यात एक रास्त शंका होती: तक्रार आली तर ठरवणार कोण? दोन ओळीत "सभ्यपणे वागा" लिहायला पाच मिनिटं लागतात. माझ्या अनुभवात नियमावलीचा जीव तिच्या दुसऱ्या अर्ध्या भागात असतो, आणि तो अर्धा भाग लोक लिहीतच नाहीत. तक्रार कोणाकडे जाईल, किती दिवसांत उत्तर मिळेल, ज्याच्यावर तक्रार आहे त्याचं ऐकून घेणार की नाही, तो ॲडमिनचा साडू निघाला तर त्या ॲडमिनने बाजूला बसायचं की नाही, काढलेल्या माणसाला परत यायची वाट आहे की नाही. सासुरवाडीवालं प्रकरण तुमच्याकडे अडलंय ते इथेच. वाईट वागू नये हे त्यालाही माहीत आहे, आणखी एक कलम त्याला काय शिकवणार?

कंपन्यांनाही हे जोर लावल्यावरच जमलं. वर वकीलसाहेबांनी सांगितलेल्या २०२१ च्या मूळ नियमांत काय करू नये याची यादी आहेच, पण सोबत २४ तासांत तक्रारीची पोच आणि १५ दिवसांत निकाल असं लिहिलं होतं. कंपनीला जे सक्तीने करावं लागतं ते गावात मनाने करायला काय हरकत आहे? पोच द्या. "ताई, मेसेज मिळाला, रविवारपर्यंत सांगतो." एवढंसुद्धा त्या ताईंना मिळालं नव्हतं.

तुम्ही विचाराल, मग नवाच ग्रुप काढू का? काढा, पण मग त्या ग्रुपचे नाना तुम्ही. तुम्हालाही कोणी काढू शकणार नाही.

निवृत्त_मास्तर_साक्री

सर्वांचे वाचले. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होतो. केळीचे मला कळत नाही, आमच्याकडे कांदा.

भावाच्या पाटीविषयी कोणीच फारसे बोलले नाही, म्हणून लिहितो. "मला जसा आला तसा पुढे ढकलला" हे वाक्य आम्ही साक्री तालुक्यात हलके घेत नाही. १ जुलै २०१८, राईनपाडा. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. अशा टोळीचे मेसेज आधीपासून फोनाफोनांतून फिरत होते. ज्यांनी ते पुढे ढकलले त्यांपैकी प्रत्येक जण हेच म्हणाला असता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजला एकाच ठिकाणची मर्यादा आली. मेसेजवर दोन बाणांची खूण दिसते ना, ती त्याची.

जुन्या भावाने कोणी मरत नाही हे मान्य. पण सवय तीच. आमच्या गावच्या ग्रुपवर असा नियम आहे: दोन बाणांचा मेसेज टाकायचा असेल तर टाकणाऱ्याने खाली स्वतःच्या शब्दांत लिहायचे की मी हे कोणाला विचारून खात्री केली. पोलीस पाटील, तलाठी, डॉक्टर, ज्याचा त्याला. तेवढे लिहायचा कंटाळा असल्यामुळे निम्मे मेसेज येतच नाहीत. तुम्ही भावाला हाच नियम लावा. तारीख आणि बाजार हाताने टाईप करायचा, नुसता फोटो चालणार नाही. बोट ठेवून झाकलेली तारीख टाईप करताना खोटे लिहावे लागेल, आणि ते सहजासहजी कोणी लिहीत नाही. लिहिले तर मग त्याला काढताना तुमचा हात अडखळणार नाही.

केळीवाला_यावल

मंडळी, काल फैजपूरला नानांकडे जाऊन आलो. मी आणि दुसरा एक ॲडमिन. वकीलसाहेबांचं १३८ चं आधी काढलं, नियमांचं नंतर. मेमो नानांच्या कपाटातच होता, अजून मुदतीत आहे. सोमवारी ते जळगावला येतायत. फोटो आणि पत्ता त्यांनी स्वतः काढायचा म्हटलं, पण इतक्या दिवसांनी त्यांना ते सगळ्यांसाठी डिलीट करता येईना. मग मी ॲडमिन म्हणून उडवलं. तिथे "ॲडमिनने डिलीट केला" म्हणून माझं नाव आलं. लगेच दोघांचे फोन, "नानांचा मेसेज उडवतो का रे?" नानांनी ग्रुपवर लिहिलं, "मीच सांगितलं." त्यावर पन्नासेक अंगठे.

३१ कलमं गेली. आता सहा ओळी आहेत. ताईंचा नंबरचा नियम पहिला, मास्तरांचा भावाचा दुसरा. व्यापाऱ्याबद्दल लिहायचं तर तारीख, वजन, रक्कम, कागद, एवढंच. घरच्यांचं नाव नाही. तक्रार तिघांकडे: एक ॲडमिन, ॲडमिन नसलेला एक जण, आणि एक ताई. त्या सोडून गेलेल्या ताईंना विचारलं, त्या नाही म्हणाल्या. बरोबर आहे त्यांचं. दुसऱ्या एक जणी तयार झाल्या. ज्याच्या नात्यातला असेल त्याने त्या तक्रारीला बसायचं नाही. पोच एका दिवसात, निर्णय आठ दिवसांत.

सासुरवाडीवाल्याची तक्रार या तिघांपुढे पहिली. त्याचा जावई, म्हणजे आमच्यातला तो ॲडमिन, म्हणतो, "आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासरी जायचंय, त्याआधी नका काढू."

शिरपूरची_सून

आखाजीच्या आधीच घ्या. आठ दिवस तुम्हीच लिहिलेत. आणि नानांनी स्वतः नियम मोडले तर तिघांनी काय करायचं, हे सहा ओळींत दिसलं नाही मला.

केळीवाला_यावल

सातवी ओळ लिहितो, ताई. नानांना फोन करून विचारतो कशी लिहू. नाही, विचारत नाही. लिहून मग दाखवतो.